कागदावरची सवत

इंग्लंडातल्या हॅगडेन गावच्या कापडगिरण्यांमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या सगळ्याच बायकांचा आवाज मोठा असे, पण थर्झा होल्डनच्या आवाजाची तऱ्हाच न्यारी होती. तिनं मागल्या अंगणातून पोरांना जेवायला हाक मारली की टेकडीवरची मेंढरं माना वर करून बघतात, असं तिची शेजारीण केझिया सांगायची, आणि केझिया काही उठसूट खोटं बोलणारी बाई नव्हती. थर्झाला मात्र आपण मोठ्यानं बोलतो हे जन्मात पटलं नाही. तिच्या मते बाकीचे लोक उगाच पुटपुटायचे.

यात तिचा तरी काय दोष? दुधाचे दात पुरते पडले नव्हते तेव्हापासून ती मागखात्यात होती. आधी अर्धा दिवस शाळा नि अर्धा दिवस गिरणी, मग शाळा सुटली आणि गिरणी तेवढी राहिली. एका छपराखाली शेकडो माग धडधडत असले म्हणजे शेजारणीच्या कानात बोंब मारली तरी तिला कळत नाही. म्हणून मागखात्यात कुणी ओरडायच्या भानगडीत पडत नसे. ओठ मोठाले हलवायचे, भुवया उडवायच्या, आवाज अजिबात काढायचा नाही. समोरचा डोळ्यांनी ऐकतो. लग्नं, बाळंतपणं, कुणाचा नवरा कुठल्या गुत्त्याबाहेर पडलेला सापडला, सगळं याच ओठांच्या बोलीत चालायचं. निरोप लांब पाठवायचा असला तर मधल्या मागावरची बाई तो बघून जसाच्या तसा पुढच्या मागावर पोचता करायची. काय सांगतोय याचा विचारही करायची नाही. हात सूत जोडत असत, डोळे घेत असत, ओठ पुढे देत असत.

जेबेझ होल्डन त्याच खात्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. उंच, किडकिडीत, खिशात पाना आणि डोक्यात भलतंच काहीतरी. जॉबर लोकांच्या बावळटपणाचे किस्से त्या गावात खंडीभर होते आणि त्यातले बरेचसे जेबेझच्या नावावर खपून जायचे. त्यानं थर्झाला मागणी घातली तीसुद्धा मागांच्या ओळीपलीकडून, ओठांनी. मधल्या मागांवरच्या बायका त्याच्याकडे तोंड करून उभ्या आहेत हे त्या शहाण्याच्या लक्षातच आलं नाही. थर्झानं मान वर करून बघितलं तोवर त्या एप्रनच्या टोकानं डोळे पुसायला लागल्या होत्या. एवढ्या बायकांना रडवल्यावर नाही कसं म्हणायचं, असं ती पुढे सांगायची. पण ते खरं नव्हे. तिला तो आवडतच होता.

लग्न झालं, पोरं झाली, तिसऱ्या पोराच्या वेळी थर्झानं गिरणी सोडली आणि घर धरलं. घर धरणं म्हणजे काय ते सांगायला नको. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, बुधवारी शिवणटिपण, गुरुवारी पाव भाजणं, शुक्रवारी चुलीला काळं पॉलिश आणि उंबऱ्याला पांढरा दगड घासणं. शनिवारी राहिलेलं सगळं. गिरणीत निदान भोंगा वाजला की सुटायचं तरी, असं ती म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची.

आणि जेबेझला कविता होऊ लागल्या.

त्या काळात इंग्लंडभर कवितेचं उदंड पीक होतं. गावोगावच्या साप्ताहिकांत कवींसाठी एक कोपरा राखून ठेवलेला असे आणि तो कधी रिकामा जात नसे. त्यातल्या निम्म्याअधिक कवितांत एकच बाई बसलेली असायची. ती दिव्याजवळ बसे. तिचे हात गोरे असत, आवाज मऊ असे. ती काहीतरी नाजूक शिवत असे आणि नवऱ्याची वाट बघत असे. तिच्या घरात कधी काही उतू जात नसे, पोरांच्या नाकाला शेंबूड नसे, आणि ती स्वतः जेवत असावी असं तर एकाही कवितेवरून वाटत नसे. राजकवीपासून चर्चच्या कारकुनापर्यंत सगळे तिच्यावर भाळलेले होते. मग आमच्या जेबेझनं काय पाप केलं होतं? त्यानंही तिलाच घरात आणलं.

हॅगडेनच्या साप्ताहिकात त्याच्या कविता दर पंधरवड्याला येऊ लागल्या: 'माझी गृहिणी', 'चुलीजवळचा देवदूत', 'शुभ्र करांस'. रविवारी दुपारी तो नवी कविता थर्झाला वाचून दाखवायचा. ती बटाटे सोलत ऐकायची. म्हणजे त्याच्या ओठांकडे बघायची, कारण कान निम्मे मागांनी खाल्ले होते. कविता चांगली असायची, निदान गोड असायची, आणि वाचताना त्याचा चेहरा इतका उजळायचा की तिला त्याच्या गालावरून हात फिरवावासा वाटायचा. मग ती स्वतःच्या हाताकडे बघायची. सोड्यानं चिरलेला, लालबुंद, सांध्यांशी सुजलेला. तो हात ती पुन्हा बटाट्यांत घालायची.

पहिल्यांदा तिला हसू यायचं, पुढे येईनासं झालं. घरात एक सवत आली आहे आणि ती आपल्याच नावानं वावरते, असं तिला वाटायला लागलं. जेबेझ बाईबाटलीच्या नादी लागला असता तर थर्झानं त्याला लाटण्यानं झोडपून सरळ केलं असतं. पण ही सवत कागदावरची. हिच्या झिंज्या धरायच्या तरी कशा? गिरणीतून दमून आलेला नवरा डोळे मिटून खुर्चीत बसायचा आणि त्या मिटल्या डोळ्यांपुढे ती गोऱ्या हातांची बाई शिवत बसलेली असायची. खरी बायको समोर उभी राहून त्याला बूट काढ म्हणून सांगत असायची.

तिनं एक उपाय काढला. सोमवारी अंगणात धुण्याच्या पिंपात दांडा उचलून आपटताना, उचलून आपटताना, ती आदल्या दिवशीची कविता म्हणायची. दांड्याच्या ठेक्यावर ती झकास बसायची. फक्त शब्द बदलायचे. गोरे हात तांबडे व्हायचे, मंजुळ आवाज खणखणीत व्हायचा, आणि दिव्यापाशी बसलेल्या बाईला थर्झा सरळ उठवून साबणाच्या फेसात उभी करायची. कुंपणापलीकडे केझिया आपलं धुणं पिळता पिळता हसून हसून मटकन खाली बसायची. हळूहळू असं झालं की जेबेझच्या मूळ ओळी थर्झाच्या डोक्यातून पार धुतल्या गेल्या आणि सोमवारच्या तेवढ्या राहिल्या. जेबेझला यातलं काही माहीत नव्हतं. सोमवारी तो गिरणीत असे, आणि धुण्याच्या दिवशी घराकडे फिरकावं असं कुठल्या नवऱ्याला वाटतं?

असं चाललं असताना एका उन्हाळ्यात फिलिंगहॅमबाई अवतरल्या.

फिलिंगहॅमबाई म्हणजे टेकडीपलीकडच्या मोठ्या हवेलीतल्या विधवा. त्यांना कष्टकऱ्यांच्या कवितांचा शौक होता. त्यांनी साप्ताहिकात जेबेझच्या कविता वाचल्या, डोळे पुसले, आणि पाद्री टॅटरसॉलसाहेबांना कळवलं की चॅपेलच्या वार्षिक चहापानाला आपण जातीनं येऊ, कवीच्या तोंडून कविता ऐकू, आणि मनाला पटलं तर मँचेस्टरला त्याचं पुस्तक छापवून घेऊ. कातडी बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं. शिवाय त्या गृहिणीलाही भेटण्याची त्यांची इच्छा होती. कवीच्या पत्नीची खुर्ची आपल्या शेजारी ठेवावी असं त्यांनी मुद्दाम सुचवलं होतं.

जेबेझची भूक गेली. पुस्तक! मागांच्या तेलात बोटं बरबटलेल्या माणसाचं कातडी बांधणीचं पुस्तक! तो जेवता जेवता थबकायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा. थर्झानं त्याला इतका सुखी कधी बघितला नव्हता. सवत असली तरी काय झालं, नवऱ्याचं पुस्तक व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं त्याचा काळा कोट बाहेर काढला, कॉलर उसवून उलटी करून शिवली, शर्टाला अशी खळ घातली की तो एकटा उभा राहिला असता.

चहापानाच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हातात काहीतरी होतं आणि तोंड कसनुसं झालं होतं. हातात होते ते केझियाचे हातमोजे, मऊ कातड्याचे, फिकट जांभळे, तिच्या बहिणीच्या लग्नातले.

"हे कशाला?" थर्झानं विचारलं.

तो बूट बघत राहिला. "बाईसाहेब तुझा हात हातात घेतील ना. त्यांनी त्या कविता वाचल्यात. म्हणून म्हटलं, उगाच…"

 थर्झानं ओला हात पुसला आणि तो हातमोजा घालून बघितला. अंगठ्याच्या पुढे तो जाईना. कातडं फाटायला आलं तेव्हा तिनं काढून त्याच्या हातात परत दिला.

"परत देऊन ये जा," ती म्हणाली. "मला नाही बसायचं तुझ्या बाईसाहेबांशेजारी. मी आपली चहाच्या पिंपापाशी बरी. त्यांना सांग, बायकोला बरं नाही. दिव्यापाशी बसलीये म्हणावं."

त्याला लागलं ते तिला दिसलं. तिला लागलं ते त्याला दिसलं की नाही कुणास ठाऊक. तो मोजे घेऊन गेला. थर्झानं त्या दिवशी चूल अशी काही घासली की केझियाला भिंतीपलीकडून कळलं, आज काहीतरी बिनसलंय.

शनिवारी दुपारी गिरणी सुटली आणि सगळं गाव धुतल्या तोंडानं चॅपेलच्या हॉलमध्ये जमलं. लांबच लांब टेबलं, ज्या त्या बाईनं घरून आणलेली चिनी मातीची भांडी, हॅमचे काप, बेदाण्याचा केक. थर्झा हॉलच्या पार मागे, चहाच्या मोठ्या तांब्याच्या पिंपाशी, बाह्या वर करून उभी. सगळ्यांचं खाणंपिणं उरकलं, टेबलं भिंतीला लागली, खुर्च्या ओळीत मांडल्या गेल्या. पहिल्या ओळीत फिलिंगहॅमबाई काळ्या रेशमात बसल्या. त्यांच्याशेजारची खुर्ची मोकळी होती. ती मोकळी खुर्ची थर्झाला मागून स्पष्ट दिसत होती.

जेबेझ मंचावर चढला. हातात कागद नव्हता. हॅगडेनमध्ये कागद बघून कविता म्हणणं म्हणजे काठी टेकत नाचण्यातला प्रकार समजत. कविता पाठ हवी, हात मागे बांधलेले हवेत. पाद्रीसाहेबांनी ओळख करून दिली, कवितेचं नाव सांगितलं, 'चुलीजवळचा देवदूत', आणि ते खाली बसले.

जेबेझनं तोंड उघडलं. काही आलं नाही.

त्यानं घसा साफ केला, पुन्हा तोंड उघडलं. फिलिंगहॅमबाई मान कलती करून गोड हसत वाट बघत होत्या.  कुणीतरी खोकलं. जॉबर लोकांचा आणखी एक किस्सा जन्माला येतोय, हे ओळखून मागच्या ओळीतली टवाळ पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.  तिच्या नवऱ्याचं पुस्तक तिच्या डोळ्यांदेखत बुडत होतं. ती एवढ्या लांबून त्याच्या मानेची शीर उडताना बघत होती, आणि आदल्या दिवसाचा सगळा राग कुठल्या कुठे गेला होता.

त्याची नजर सैरभैर फिरत फिरत मागे आली आणि तिच्यावर थांबली. मागखात्यात काही अडलं की माणूस ओळखीचं तोंड शोधतो, तशीच.

थर्झानं एक क्षण वाया घालवला नाही. कविता तिला येत होती. ओठ मोठाले करून, भुवया उडवून, आवाज न काढता तिनं पहिली ओळ दिली. आणि तो, सगळी हयात मागांमध्ये निरोप घेत नि देत आलेला माणूस, त्यानं ती डोळ्यांनी घेतली आणि तोंडानं जशीच्या तशी पुढे पोचती केली, खड्या आवाजात, सगळ्या हॉलला:

"साबणफेसी उभी दिवसभर, हात तांबडे, वस्त्र धुवी,
स्वर खणखणता कानी येता गल्लीला ये जाग नवी."

हॉलमधल्या बायकांनी आधी एकमेकींकडे बघितलं. मग केझिया फिस्सकन हसली आणि तिनं मागे वळून बघितलं. तिच्या मागोमाग खुर्च्यांच्या खुर्च्या वळल्या, आणि अख्ख्या हॉलला दिसलं की कविता कुठून येते आहे. तिथं ओठ वाचता येत नाहीत अशी माणसं दोनच होती, फिलिंगहॅमबाई आणि पाद्रीसाहेब, आणि ती दोघं पहिल्या ओळीत सरळ समोर बघत बसली होती.

आपण काय केलं हे थर्झाला तेव्हा कळलं. कानशिलं तापली. दीपापाशी शांत बसे ती, शुभ्र करांनी वस्त्र शिवी! अशी होती ती मेली ओळ. आता सगळी आठवली, पुढच्या ओळीतल्या मंजुळ स्वरासकट नि थकल्या जीवासकट. तिनं तोंडावर हात धरला.

मंचावर जेबेझ तिच्याकडेच बघत होता. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. ही खूण थर्झाला पाठ होती. अडलेल्या मागाचा दोष सापडला की त्याचं कपाळ असंच सैल व्हायचं. म्हणजे त्याला आठवलं होतं. त्याची स्वतःची कविता, दुसरं कडवं, सगळं. आता फक्त म्हणायचं होतं. पहिलं कडवं गंमत म्हणून खपून गेलं असतं, बाईसाहेब हसल्या असत्या, पुस्तक झालं असतं.

तिनं तोंडावरचा हात काढला आणि ओठांनी सांगितलं, "तुझं म्हण. तुझं."

त्यानं नकारार्थी मान हलवली. थोडीशीच. तो तिच्या हातांकडे बघत होता. इतक्या लांबून, जसं काही ते त्यानं आज पहिल्यांदाच बघितले. मग त्याचे ओठ हलले, आवाजाशिवाय, आणि वळून बसलेल्या बायकांनी पटकन पुन्हा पुढे बघून तेही वाचलं.

"पुढं काय?"

थर्झानं मनगटानं डोळे पुसले. बरं झालं की या बोलीला गळा लागत नाही. तिनं ओळ दिली, त्यानं घेतली, आणि या खेपेला एकेक शब्द समजून उमजून, तिच्यावरची नजर न काढता म्हटली:

"दमलेला तो येता दारी, 'बूट काढ रे' हाक करी,
पंख कुठे? ही बाई साधी, पाय दुखे पण उभी घरी."

 मग मागच्या ओळीतली एक म्हातारी, जिनं साठ वर्षं सोमवारचं धुणं केलं होतं, तिनं लाकडी तळाचा बूट फरशीवर आपटला. दुसरीनं आपटला. मग सगळ्या बायकांनी असा काही दणका उडवला की मागखातं सुरू झाल्यासारखं वाटलं. पुरुषही हसत होते, पण जरा खाली मान घालून. एकदोघांनी आपापल्या बायकांचे हात चोरून बघितले. जेबेझ नमस्कारही न करता खाली उतरला.

फिलिंगहॅमबाईंनी त्याला जवळ बोलावलं. थर्झा पिंपापाशीच थांबली. जायचं धैर्य नव्हतं. तिला जेबेझची पाठ दिसत होती आणि त्याच्या खांद्यावरून बाईसाहेबांचं तोंड. त्या फार हळू, सभ्यपणे बोलत होत्या. त्यांच्यासारख्या बायकांचे ओठ वाचायला कठीण, कारण त्या ते फारसे हलवत नाहीत. पण थर्झानं वाचले. फार मजेदार, असं त्या म्हणत होत्या. या लोकांच्या सभेत ठीकच. पण पुस्तकात साबण कसा चालेल? ती छापील आवृत्तीच ठेवू या, ती पवित्र आहे, गोऱ्या हातांची. ही दुसरी विसरून जा, म्हणजे सोमवारीच मँचेस्टरला कळवते.

जेबेझ काय म्हणाला ते थर्झाला दिसलं नाही. पाठ काही बोलत नाही. तो थोडंसंच बोलला असावा, खांदे हलले न हलले. पण बाईसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच गोठलं, मग पातळ झालं. त्यांनी मान तुकवली, हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवलं, आणि पाद्रीसाहेबांच्या हाताचा आधार घेऊन त्या निघून गेल्या.

थर्झा तशीच उभी. पिंपाची तोटी उघडी राहिली होती आणि चहा जमिनीवर सांडत होता, ती केझियानं बंद केली.

परतताना लख्ख उजेड होता, उन्हाळी संध्याकाळचा. टेकडीच्या वाटेला लागेपर्यंत थर्झानं दम धरला. पोरं पुढे पळाली आणि तिचा बांध फुटला. तिनं त्याला मूर्ख म्हटलं, जॉबरच्या जातीचा म्हटलं. गावातले सगळे किस्से खरेच असणार, म्हणाली. हाताशी आलेलं पुस्तक असं कुणी लाथाडतं का, बाई म्हणतात तर ठेवायचे होते गोरे हात, तिचं काय जात होतं, आजवर तरी काय गेलं होतं. तिचा आवाज साऱ्या उतारावर घुमत होता आणि मागून येणारे लोक मुद्दाम सावकाश चालत होते.

जेबेझनं तिला पुरतं ओरडू दिलं. मग तो थांबला आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, तिला ओठ नीट दिसतील असा.

"थर्झा," तो म्हणाला, "त्या दिव्याजवळच्या बाईवर मी इतकी वर्षं लिहिलं. सगळं तिच्यावरच लिहिलं. आणि आज मी तिथं वर तोंड उघडून उभा राहिलो, सगळं गाव बघत होतं, तेव्हा ती नाही आली."

त्यानं तिचा हात हातात घेतला, चिरलेला, चहानं चिकट झालेला.

"तू आलीस."

 तिनं हात सोडवला नाही. मागून लोक येत होते, केझिया येत होती, आणि वाटेवरच्या सगळ्यांना ओठ वाचता येत होते. तरी ती तशीच उभी राहिली, आणि त्यांना काय वाचायचं ते वाचू दिलं.